नव्या क्रूझवरचा पहिला दिवस: काम मागाहून शीक, आधी रस्ता शीक

सावंतवाडीकडच्या एका मुलाने विचारलंय: "दादा, हॉटेल मॅनेजमेंट झालं, दोन वर्षं गोव्यात हाउसकीपिंग केलं. आता क्रूझवर स्टेटरूम अटेंडंट, म्हणजे पाहुण्यांच्या केबिन साफ करणारा, म्हणून सिलेक्शन झालंय. जुलैमध्ये मायामीला जॉइनिंग आहे. बोट अगदी नवीन, यार्डातून निघून चारच महिने झालेत. पहिल्या दिवशी नक्की काय होतं? लगेच कामाला लावतात का? खरं सांगायचं तर पोटात गोळा आलाय."

लावतात. सकाळी चढलास तर संध्याकाळी युनिफॉर्म घालून कॉरिडॉरमध्ये उभा असशील. त्यामुळे "पहिला दिवस आराम असेल, जरा बोट बघून घेऊ" हे आधी डोक्यातून काढून टाक. गोळा आलाय ते बरंच आहे. ज्याला काहीच वाटत नाही, तोच पहिल्या आठवड्यात चुकीच्या जिन्याने उतरतो.

मी वेंगुर्ल्याचा. 2006 साली डेक खालच्या भांडी घासायच्या खात्यातून सुरुवात केली, मग हाउसकीपिंगमध्ये आलो. सतरा वर्षं, सात बोटी. त्यातल्या दोन यार्डात जाऊन उघडल्या, म्हणजे पाहुणा चढण्याआधी आम्ही चढलो. आता घरी आहे आणि आंब्याची कलमं बघतो. तेव्हा जे सांगतोय ते कंपनीच्या व्हिडिओतलं नाही.

दिवस बोटीवर सुरू होत नाही, मायामीच्या विमानतळावर सुरू होतो. इमिग्रेशनचा माणूस विचारेल, कशाला आलास. सरळ सांगायचं: जहाजावर कामाला, क्रू आहे, हे जॉइनिंगचं पत्र. सी-वन/डी व्हिसा त्यासाठीच असतो. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, एसटीसीडब्ल्यू म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेच्या कोर्सेसची मूळ सर्टिफिकिटं, मेडिकल, पिवळ्या तापाचं कार्ड आणि कॉन्ट्रॅक्ट, हे सगळं हातातल्या बॅगेत ठेव. मोठ्या बॅगेत टाकू नकोस. विमान बदलताना बॅग मागे राहणं नेहमीचंच आहे, आणि बॅगेसाठी बोट थांबत नाही. त्याच हातबॅगेत एक काळी पँट, दोन दिवसांचे आतले कपडे आणि काळे बूटही असू देत. बूट आत्ताच आण आणि रोज घालून फिर. तळवा न घसरणारा हवा. नवा बूट घालून पहिल्या दिवशी बारा-पंधरा हजार पावलं चाललास की टाचेला फोड येतो, आणि तो फोड महिनाभर तुझा मालक होतो.

रात्री हॉटेलात झोपवतात. सकाळी एजंटची बस येईल. बसमध्ये चढण्याआधी घरी फोन कर. जुलैमध्ये मायामी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तुझे सकाळचे सात म्हणजे घरी संध्याकाळचे साडेचार, आई चहा घेत असेल. बोट सुटते संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, तेव्हा घरी रात्रीचे दोन. "सुटली की फोन करतो" असं बोलून ठेवलंस तर ती माऊली जागी राहील आणि तुला तेव्हा फोन हातात घ्यायलाही वेळ नसेल. मी पहिल्या कॉन्ट्रॅक्टला हेच केलं होतं. आई पहाटेपर्यंत उंबऱ्यावर बसून होती, हे मला आठ महिन्यांनी घरी आल्यावर शेजारणीकडून कळलं.

बंदरावर पोचशील तो टर्नअराउंडचा दिवस असेल. जुने पाहुणे उतरतायत, नवे अकरा-साडेअकरापासून चढणार, आणि मधल्या दोन-तीन तासांत सगळ्या केबिन फिरवायच्या. त्याच वेळी आठवड्याचा माल आत येतोय, कचरा बाहेर जातोय, पन्नासेक क्रू साइन-ऑफ होऊन हसत उतरतायत आणि तुमच्यासारखे पन्नास चढतायत. कोणी हसून स्वागत केलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. गणपतीच्या आदल्या दिवशी सावंतवाडी स्टेशनवर उतरलास असं समज.

गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या पुलावर, तपासणी होते, फोटो काढतात, कार्ड देतात. क्रू ऑफिसमध्ये पासपोर्ट आणि सीडीसी जमा करून घेतात. प्रत्येक बंदरावर कागद दाखवावे लागतात म्हणून ते एकत्र ठेवायची पद्धत आहे, घाबरायचं कारण नाही. पण सगळ्याचे फोटो तुझ्या फोनमध्ये आणि घरी एकाकडे असलेच पाहिजेत. कॉन्ट्रॅक्टवर सही करायला लावतील तेव्हा मुंबईत दाखवलेला पगार, कामाचं पद आणि महिने तेच आहेत का ते तिथेच वाच, आणि आपली प्रत मागून घे. मागे कितीही मोठी रांग असली तरी वाच. एक आडवळणाची गोष्ट, कारण आपल्याकडे अजून पोरं फसतात: नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं एमएलसी 2006 या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बेकायदा आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल तुझ्या खर्चाने, व्हिसा कंपनीच्या खर्चाने. एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स हवं. तू याहून जास्त काही भरलं असशील तर ते आत्ता बोलायचा दिवस नाही, पण पावती जपून ठेव.

आता मुख्य गोष्ट. कागद झाले की एक छोटं कार्ड मिळेल. त्यावर तुझा इमर्जन्सी नंबर, तुझं मस्टर स्टेशन म्हणजे संकटात जमायची जागा, आणि तिथे तुझं काम काय हे लिहिलेलं असतं. दिवसभरात तुला चाव्या, युनिफॉर्म, वेळापत्रक असं बरंच मिळेल. त्यातलं हे कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. केबिनमध्ये बॅग टाकलीस की झोपू नकोस, आंघोळ नको, वायफायचा पासवर्ड नको. कार्ड हातात घे आणि केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत चालत जा. लिफ्टने नाही, जिन्याने. मग परत ये. मग दुसऱ्या जिन्याने जा. एकूण तीन वेळा. वीस मिनिटं लागतील. केबिनमेट हसेल, हसू दे.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय? 2006 साली पहिल्याच आठवड्यात क्रू ड्रिल झाली. सात छोटे आणि एक लांब भोंगा. मी लाइफजॅकेट घेऊन धावलो तो दोन जिने चढून, एक उतरून थेट बटाट्याच्या कोठारासमोर. तिथे कोणी नाही, फक्त पोती. परत फिरलो तर आगीचा दरवाजा बंद झालेला. तो ढकलून उघडतो हेही मला माहीत नव्हतं. स्टेशनवर पोचलो तेव्हा हजेरी संपली होती आणि एक फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, माझं नाव तिसऱ्यांदा पुकारत होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आज धूर नव्हता." पुढची सतरा वर्षं कुठल्याही बोटीवर पाय ठेवला की मी आधी ते तीन फेरे मारले, सुपरवायझर झाल्यावरसुद्धा.

अंतर किती असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. 2024 च्या जानेवारीत मायामीहूनच पहिल्या सफरीला निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' 365 मीटर लांब आहे, 20 डेकची. पूर्ण भरली तर 7,600 पाहुणे, वर 2,350 क्रू. वेंगुर्ला शहराहून थोडीच कमी वस्ती. तुझी बोट एवढी नसेलही, पण नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत चालायला पाच मिनिटं कुठेच चुकत नाहीत. आणि खाली क्रूच्या भागात खिडक्या नसतात. पुढे कुठलं, मागे कुठलं, काही कळत नाही. आपल्या होडीत बसलं की नाळ दिसते, किनारा दिसतो. इथे पांढऱ्या भिंती आणि वर पाइप.

त्यासाठी दोन-तीन खुणा. एक लांब मुख्य कॉरिडॉर असतो, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अमेरिकन कंपन्यांत त्याला सगळे 'आय-नाइन्टीफाइव्ह' म्हणतात, मायामीतून वर उत्तरेला जातो त्या हायवेच्या नावावरून. गंमत म्हणजे अमेरिकेत किनाऱ्यावर उतरायला क्रूला जो परवाना मिळतो त्याचंही नाव आय-95 च आहे. पहिल्या दिवशी कोणी विचारलं "आय-95 मिळाला का?" तर तो रस्ता विचारत नाहीये. कुठेही हरवलास की खाली उतरून हा कॉरिडॉर गाठायचा, तिथून सगळं सापडतं. दुसरं, लाइफबोटींचे आकडे: विषम स्टारबोर्डला म्हणजे उजवीकडे, सम पोर्टला म्हणजे डावीकडे. हे सगळीकडे सारखं. पाहुण्यांच्या केबिनचे सम-विषम मात्र कंपनीप्रमाणे बदलतात, त्यावर विसंबू नकोस. तिसरं, जिन्यांच्या तोंडाशी डेकचा नकाशा असतो, त्याचा फोटो काढ.

आणि वॉटरटाइट, म्हणजे पाणी अडवणारा, दरवाजा. खालच्या डेकला जाड पोलादी सरकते दरवाजे दिसतील. ते हायड्रॉलिकवर चालतात आणि मध्ये माणूस आहे की ट्रॉली हे त्यांना कळत नाही. पूर्ण उघडल्याशिवाय पाय टाकायचा नाही, बंद होताना कधीच नाही, हातात सामान घेऊन एकट्याने नाही. शिकवल्याशिवाय त्याच्या दांड्याला हातही लावायचा नाही. या एका दरवाजाने जगभरात माणसं चिरडली गेली आहेत. बाकी चुका माफ होतात.

दुपारी सेफ्टी ट्रेनिंगला बसवतील. कामावर उभं करण्याआधी ते द्यावंच लागतं, नियम आहे. वीस तासांचा प्रवास झालेला, हॉलमध्ये एसी, समोर स्लाइड्स. झोप येणारच. उभा राहून ऐक, कोणी काही म्हणत नाही. तिथे सांकेतिक शब्द सांगतील. बऱ्याच कंपन्यांत 'ब्राव्हो' म्हणजे आग, 'ऑस्कर' म्हणजे माणूस पाण्यात पडला, 'अल्फा' म्हणजे कोणाची तब्येत गंभीर. तुझ्या कंपनीत वेगळे असू शकतात, कार्डाच्या मागे लिहिलेले असतात ते पाठ कर.

नवा असलास तरी बोट सुटण्याआधी पाहुण्यांच्या मस्टरला तुलाही उभं करतील. अंगात पिवळं जॅकेट असलं की पाहुण्याला तू नवा-जुना दिसत नाहीस, तो सरळ विचारतो, "माझं स्टेशन कुठे?" पूर्वी ही ड्रिल प्रवासी चढल्यापासून 24 तासांत केली तरी चालत होती. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्क्याला चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला: 2015 पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताच मस्टर व्हायलाच पाहिजे. मी तेव्हा दुसऱ्या बोटीवर होतो. त्या बातमीनंतर आमच्या मेसमध्ये ड्रिलला नावं ठेवणारा आवाज काही महिने तरी बंद झाला होता.

तू म्हणतोस बोट नवीन आहे. ते तुझ्या फायद्याचं आहे. जुन्या बोटीवर आठ-दहा वर्षं मुरलेली माणसं असतात, त्यांचे कोपरे ठरलेले, त्यांच्या ट्रॉल्या ठरलेल्या, आणि नवा पोरगा म्हणजे सगळ्यांचा हमाल. नव्या बोटीवर सगळेच थोडेफार हरवलेले असतात. मी फ्रान्समध्ये सां-नाझेरच्या यार्डात एक बोट उघडायला गेलो होतो. ल्वार नदीच्या मुखावरचं गाव, हाडं गोठवणारा वारा, बंदरात दुसऱ्या महायुद्धातला जर्मन पाणबुड्यांचा काँक्रीटचा अजस्र तळ अजून उभा. आत शिरलो तर गालिचे प्लॅस्टिकखाली, नव्या गोंदाचा आणि रंगाचा वास डोक्यात भिनणारा, छतातून वायरी लोंबतायत, एका बाजूला वेल्डिंग आणि दुसऱ्या बाजूला आम्ही गाद्यांचं प्लॅस्टिक फाडतोय. अडीच हजारांवर केबिन, प्रत्येकीत हँगरपासून केराच्या टोपलीपर्यंत सगळं आम्हीच पहिल्यांदा ठेवलं. खुद्द हाउसकीपिंग मॅनेजर नकाशा हातात घेऊन फिरत होता. यार्डातल्या गँगवेवर मात्र आम्हाला एकेक करून जायला लावायचे, आणि त्यावर कोणी थट्टा करत नसे. याच यार्डात 15 नोव्हेंबर 2003 रोजी 'क्वीन मेरी 2' ची बांधणी संपत आली असताना, बोट बघायला आलेल्या कामगारांच्या घरच्या मंडळींसकट गँगवे कोसळला होता. 16 जण गेले. यार्डातले जुने कामगार त्या दिवसाबद्दल आवाज खाली आणून बोलत.

चार महिन्यांच्या बोटीवर तुला वेल्डिंग दिसणार नाही, पण कुठेतरी कार्डाने दार उघडणार नाही, कुठे व्हॅक्यूम टॉयलेट रुसेल, कुठे गरम पाणी उशिरा येईल. पाहुणा नव्या बोटीचे पैसे मोजून आलेला असतो, तो तुझ्यावर चिडेल. "मी आजच आलोय" हे वाक्य त्याला सांगायचं नाही. "मी लिहून घेतो आणि दहा मिनिटांत येऊन सांगतो" म्हणायचं, लिहून घ्यायचं, आणि काम झालं नसेल तरी दहा मिनिटांत जाऊन सांगायचं. हॉटेलात काम केलंयस, तुला हे येतं.

हाताच्या स्वच्छतेचं मात्र हॉटेलातलं विसर. अमेरिकेच्या बंदरांवर सरकारी आरोग्य तपासणी न सांगता येते, 100 पैकी मार्क देतात, 85 किंवा त्याखाली म्हणजे नापास. क्रू सगळे तिला 'यूएसपीएच' म्हणतात आणि हा शब्द ऐकला की मॅनेजरांचे चेहरे बदलतात. पण खरा शत्रू नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबाचा झपाट्याने पसरणारा विषाणू. वीस सेकंद साबणाने हात, दर वेळी. टॉयलेटचा फडका टॉयलेटलाच. पोट बिघडलं तर लपवू नकोस, लगेच मेडिकलला जा. लपवल्याबद्दल घरी पाठवलेली चांगली कामसू पोरं मी पाहिली आहेत.

केबिनविषयी थोडक्यात. दोघांची खोली, बंकला पडदा. एमएलसीप्रमाणे दोघांच्या खोलीला निदान 7.5 चौरस मीटर हवेत, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट. तुझ्या घरचं माजघर याहून मोठं असेल. चाक असलेली कडक बॅग ठेवायला जागा नसते, घडी होणारी बॅग आण. देवाचा फोटो चालतो, उदबत्ती आणि निरांजन अजिबात नाही, स्मोक डिटेक्टर डोक्यावरच असतो. पाणी गरम करायची कॉइल, किटली, इस्त्री, काही नाही. सुकट आणि सोडे आईने कितीही प्रेमाने दिले तरी नेऊ नकोस. अमेरिकेच्या कस्टममध्ये घासाघीस करत बसशील, आणि सुटलास तरी त्या बंद खोलीत केबिनमेटशी पहिल्याच रात्री वैर होईल. मेसमध्ये भात आणि डाळ असतेच. डाळीला चव नसते.

माणसं. फिलिपिनो, इंडोनेशियन, आपले, कॅरिबियन, पूर्व युरोपातले. आपल्या देशाच्या माणसाला 'पाइसानो' म्हणतात आणि कामचुकाराला 'मामागायो'. पहिला शब्द तुला मेसमध्ये जेवायला बोलावेल, दुसरा एकदा चिकटला की कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत सुटत नाही. गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, भेटतील. त्यांच्यात आजोबापासून बोटीवर जाणारी घराणी आहेत, आणि मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोव्याच्या गावागावांच्या मंडळांच्या खोल्यांत, राहून बोटीची वाट बघितलेल्या लोकांच्या गोष्टी त्यांच्याकडे असतात. ऐक. पण पहिल्या रात्री क्रू बारमध्ये नको. दारूचा नियम कडक आहे, चाचणी कधीही होते, आणि एवढ्या प्रवासाने थकलेल्या पोटात एक बिअरसुद्धा जास्त होते.

कामाचं तुला पहिल्या दिवशी फारसं येणार नाही आणि कोणाची अपेक्षाही नसते. एका जुन्या अटेंडंटच्या मागे लावतील. त्याची ट्रॉली कशी लावलीय ते बघ, त्याला विचारल्याशिवाय ती 'सुधारू' नकोस. हुशारी तिसऱ्या आठवड्यात दाखव. विश्रांतीचे तास मोजले जातात, 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77. तासांच्या नोंदीत जे तास भरायचे ते खरेच भर, कोणी "थोडं अ‍ॅडजस्ट कर" म्हटलं तरी.

मोठ्या बोटीवर जुलैत उलटी सहसा होत नाही. झालीच तर कोरडी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद.

रात्री साडेदहा-अकराला सुटशील. पाय सुजलेले असतील. झोपण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि आपोआप वेळ बदलायचं बटण बंद कर. मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदराला उन्हाळ्यात मायामीपेक्षा घड्याळ एक तास मागे असतं. तिथला टॉवर पकडला की फोन तुला एक तास जास्त झोपवतो, आणि खिडकी नसलेल्या केबिनमध्ये उजाडलं हे सांगायला कोणी नसतं. बोटीचं घड्याळ बोटीचंच. मेसच्या भिंतीवर बघून फोन लाव, आणि कार्ड उशीखाली ठेव.